उपदेशाकडून संवादाकडे
रायगड किनारपट्टीवरील आरोग्यकार्यात ‘प्रेरक संवादा’चे स्थान

रेवसपासून मुरूडपर्यंत आणि पुढे दिघी, दिवेआगर, श्रीवर्धनपर्यंत पसरलेल्या रायगडच्या किनाऱ्यावर दिवस फार लवकर उजाडतो. होड्या किनाऱ्याला लागण्यापूर्वीच कोळीवाड्यातील स्त्रिया जाग्या झालेल्या असतात. मासळी निवडावयाची, बाजाराची टोपली भरावयाची, पहिली एस.टी. गाठावयाची, अशी धावपळ सुरू होण्याआधी अनेक घरांत एक छोटी डबी उघडली जाते. तिच्यातील काळी पूड बोटावर घेऊन दातांना व हिरड्यांना चोळली जाते. ही मशेरी होय. तंबाखूचे पान तव्यावर काळे होईपर्यंत भाजून व कुटून ती तयार होते. ती दात घासण्याचे साधन आहे, अशी वापरणारांची समजूत असते. वस्तुतः ते तंबाखूचेच सेवन आहे. सकाळी दातांसाठी म्हणून सुरू झालेली ही सवय दुपारी, सायंकाळी आणि रात्रीही हात धरून बसते.

तंबाखूचा प्रश्न एका किनाऱ्यापुरता मर्यादित नाही. 2016-17 मध्ये झालेल्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील 15 वर्षांवरील 26.6 टक्के लोक कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत होते. त्यांत धूम्रपान करणारांचे प्रमाण 3.8 टक्के, तर चघळण्याच्या, चोळण्याच्या व तत्सम धूरविरहित प्रकारांचे प्रमाण 24.4 टक्के होते. म्हणजे महाराष्ट्रातील तंबाखूचा प्रश्न हा मुख्यतः विडी-सिगारेटचा नसून तंबाखूच्या पुडीचा आणि मशेरीच्या डबीचा आहे. धूरविरहित तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग होतो, हे शास्त्राने निर्विवादपणे सिद्ध केले आहे. गर्भवती स्त्रियांच्या बाबतीत धोका दुहेरी असतो. मुंबईतील 1,217 स्त्रियांची पाहणी करून 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळून आले की, धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बालकांचे जन्मवजन सरासरी 105 ग्रॅमने कमी भरले. मुदतपूर्व प्रसूतीचे प्रमाणही या मातांमध्ये अधिक होते.

ही माहिती आता नवी राहिलेली नाही. पुडीवर चित्र असते, दवाखान्यात फलक असतो, शाळेत प्रभातफेरी निघते. तरीही डबी सुटत नाही. पालथ्या घड्यावर पाणी, असे म्हणून आरोग्य कर्मचारी निराश होतात आणि दोष रुग्णाच्या माथी मारला जातो. परंतु घडा खरोखरच पालथा आहे की पाणी ओतण्याची रीत चुकते आहे, हा प्रश्न विचारला जाणे आवश्यक आहे. त्या प्रश्नाला गेल्या चाळीस वर्षांत मिळालेल्या एका उत्तराचा येथे परिचय करून द्यावयाचा आहे.

उपदेश का वाया जातो?

प्राथमिक आरोग्य केंद्रातील नेहमीचे संभाषण आठवून पाहावे. “तंबाखू खाता? सोडा. कॅन्सर होईल.” रुग्ण मान हलवितो, गोळ्या घेतो आणि बाहेर पडतो. सांगणाराचे कर्तव्य पुरे होते. ऐकणाराच्या आयुष्यात मात्र काहीच बदलत नाही.

याचे कारण मनुष्यस्वभावात आहे. व्यसन असलेल्या माणसाचे मन बहुधा दुभंगलेले असते. सोडावे असे त्याला वाटते आणि सोडू नये असेही वाटते. अशा माणसाला बाहेरच्या कोणी एक बाजू जोराने सांगू लागला की तो साहजिकच दुसरी बाजू उचलून धरतो. “माझे आजोबा नव्वद वर्षे जगले, रोज तंबाखू खात होते,” हे उत्तर त्यातूनच येते. माणूस जे स्वतःच्या तोंडाने बोलतो त्यावर त्याचा विश्वास अधिक दृढ होतो. म्हणून उपदेशकाने जितका जोर लावावा तितका रुग्ण आपल्या सवयीचा वकील बनत जातो.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांच्या लक्षात ही गोष्ट मद्यपींवर उपचार करताना आली. 1982 साली नॉर्वेतील तरुण मानसशास्त्रज्ञांना ते आपली कार्यपद्धती दाखवीत असता, “तुम्ही हाच प्रश्न का विचारला? येथे असेच का बोललात?” अशी पृच्छा श्रोत्यांनी वारंवार केली. त्या प्रश्नांना उत्तरे देता देता पद्धतीची तत्त्वे स्पष्ट झाली आणि 1983 साली मिलर यांनी ती एका निबंधात मांडली. पुढे स्टीफन रॉलनिक यांच्या सहकार्याने 1991 मध्ये या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. इंग्रजीत ‘मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीला मराठीत ‘प्रेरक संवाद’ म्हणता येईल. प्रेरणा बाहेरून घालावयाची नसते. ती रुग्णाच्या ठायी आधीच असते; संवादातून तिला वाट करून द्यावयाची असते, हे या पद्धतीचे सूत्र आहे.

1993 साली प्रसिद्ध झालेल्या मिलर व त्यांच्या सहकाऱ्यांच्या एका अभ्यासातील निष्कर्ष प्रत्येक समुपदेशकाने ध्यानात ठेवण्यासारखा आहे. समुपदेशकाने रुग्णाला जितके खोडून काढले, तितके त्या रुग्णाचे मद्यपान वर्षभरानंतर अधिक असल्याचे त्यात दिसून आले. म्हणजे हेतू चांगला असूनही कठोर शब्द अपाय करू शकतात.

संवादाची चार साधने

प्रेरक संवादाची साधने चार आहेत आणि ती सर्व आपल्या परिचयाची आहेत. पहिले साधन मोकळा प्रश्न. ज्याचे उत्तर केवळ ‘हो’ किंवा ‘नाही’ असे देता येत नाही, तो मोकळा प्रश्न होय. दुसरे साधन दाद देणे. ही खोटी स्तुती नव्हे. माणसाने केलेला प्रयत्न किंवा त्याचा गुण ओळखून तो बोलून दाखविणे होय. तिसरे साधन प्रतिध्वनी. समोरच्याने जे सांगितले, त्यातील मर्म त्याला आपल्या शब्दांत परत ऐकविणे. चौथे साधन सारांश. झालेल्या बोलण्याची मोळी बांधून ती त्याच्या हाती देणे.

या साधनांचा उपयोग कसा होतो, हे एका कल्पित प्रसंगावरून पाहता येईल. मासेमारी बंदीच्या दिवसांत आशा स्वयंसेविका कोळीवाड्यातील एका घरी गेली आहे. घरातील प्रौढ स्त्री पंचवीस वर्षांपासून मशेरी लावते.

“मावशी, मशेरी लावल्यानं तुम्हाला काय बरं वाटतं?”

“पहाटे उठावं लागतं, बाय. ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. डोकं जड राहतं.”

“म्हणजे दिवसाची सुरुवात तिच्यावर आहे. आणि तिच्यातलं काही खुपतं का तुम्हाला?”

“खुपतं म्हणजे... सून पोटुशी आहे. तीपण माझ्याच डबीतली घेते. डॉक्टरीणबाईंनी तिला नको म्हटलंय. पण मी लावते, तर तिला कोणत्या तोंडानं सांगू?”

येथे उपदेशाची अनिवार इच्छा होते. “मग सोडा की!” हे शब्द ओठांवर येतात. कुशल कार्यकर्ती ते गिळते आणि एवढेच म्हणते, “येणाऱ्या नातवंडाची काळजी आहे तुम्हाला. आणि सुनेला सांगायचं तर आधी आपल्यापासून सुरुवात करावी, असं मनात येतंय.”

“तसंच म्हण. पण पंचवीस वर्षांची सवय आहे. सुटंल होय?”

या चार वाक्यांत जे घडले ते महत्त्वाचे आहे. मशेरी सोडण्याचे कारण आशा स्वयंसेविकेने दिले नाही. ते त्या स्त्रीच्या घरातून, तिच्या नात्यातून आले. कर्करोगाचे भय दूरचे असते. सुनेपुढे आपले तोंड राहत नाही, ही बोच आजची असते. अशी बोच शोधून काढणे आणि तिच्यावर बोट ठेवून तिला बोलते करणे, हे या पद्धतीचे खरे काम आहे.

दहा बोटांची मोजपट्टी

यानंतर एक साधी मोजपट्टी वापरता येते. “मशेरी सोडणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं? काहीच नाही तर शून्य, फार असेल तर दहा. बोटं दाखवा.” समजा, त्या स्त्रीने सात बोटे दाखविली. “आणि जमेल असा भरवसा किती?” आता तीन बोटे वर होतात.

येथेही प्रश्नाची दिशा निर्णायक ठरते. “तीनच का? दहा का नाही?” असे विचारले तर अडचणींची यादी मिळते. “तीन का? शून्य का नाही?” असे विचारले तर सामर्थ्याचा शोध सुरू होतो. त्या स्त्रीला आठवते की दाढ काढली तेव्हा आठ दिवस तिने मशेरी लावली नव्हती. “म्हणजे आठ दिवस तुम्ही राहून दाखवलं आहे,” ही दाद तिच्या भरवशाला आधार देते. शिवाय दोन्ही उत्तरांवरून कार्यकर्तीलाही दिशा मिळते. महत्त्व अधिक पण भरवसा कमी, अशा माणसाला पुन्हा धोके सांगण्यात अर्थ नसतो. त्याला उपाय हवा असतो.

माहिती देण्याचीही रीत आहे. आधी विचारावे, मग सांगावे, मग पुन्हा विचारावे. “बाळाच्या वजनावर मशेरीचा काय परिणाम होतो, हे तुम्ही ऐकलंय का? सांगू का?” परवानगी घेऊन दोन वाक्यांत माहिती द्यावी आणि “यावर तुम्हाला काय वाटतं?” असे विचारून थांबावे. परवानगी मागितल्याने कार्यकर्त्याचा अधिकार कमी होत नाही. उलट, ऐकणाराचे मन मोकळे होते.

संभाषणाचा शेवट विजयाने होईलच असे नाही. “दुपारची बंद करून बघते. पहाटेचं मागनं बघू,” एवढेच त्या स्त्रीने म्हटले तरी पुरे आहे. डबी कंबरेला न ठेवता फळीवर ठेवावी, दुपारी तल्लफ आली तर पाणी प्यावे किंवा बडीशेप चघळावी, आठ दिवसांनी आशा स्वयंसेविकेने पुन्हा यावे, असा छोटा बेत तिच्याच तोंडून ठरावा. जो बेत स्वतः केला तो मोडताना मन खाते.

शेजारच्या गोव्यातील अनुभव

ही पद्धत परदेशात जन्मली, ती आपल्या गावांत चालेल काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर याच कोकण किनाऱ्यावर, गोव्यात मिळाले आहे. 1996 साली स्थापन झालेल्या ‘संगत’ या संस्थेने हानिकारक प्रमाणात मद्यपान करणाऱ्या पुरुषांसाठी प्रेरक संवादावर आधारलेली समुपदेशनाची एक पद्धती तयार केली. गोव्यातील 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत तिची शास्त्रशुद्ध चाचणी घेण्यात आली. तिचे निष्कर्ष 2017 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

चाचणीत 377 पुरुष सहभागी झाले. निम्म्यांना केंद्रातील नेहमीची, किंचित सुधारलेली सेवा मिळाली. उरलेल्यांना तिच्या जोडीला जास्तीत जास्त चार बैठकींचे समुपदेशन मिळाले. तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्यांपैकी 36 टक्के पुरुष हानिकारक मद्यपानाच्या कक्षेबाहेर आले होते. दुसऱ्या गटात हे प्रमाण 26 टक्के होते. तपासणीपूर्वीच्या 14 दिवसांत दारूला अजिबात न शिवलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात 42 टक्के, तर दुसऱ्या गटात 18 टक्के होते.

या चाचणीतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आकड्यांच्या पलीकडे आहे. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. ते त्याच समाजातील, स्थानिक भाषा बोलणारे, प्रशिक्षण घेतलेले सामान्य स्त्री-पुरुष होते. प्रशिक्षणानंतरही त्यांच्या कामावर देखरेख ठेवली जात असे आणि एकमेकांच्या बैठकींचे परीक्षण करून ते शिकत राहत. याचा अर्थ असा की, हे कौशल्य गावपातळीवर उतरू शकते. परंतु एक दिवसाच्या शिबिराने ते येत नाही.

चाचणीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ज्यांनी पिणे चालूच ठेवले, त्यांच्या मद्यपानाच्या प्रमाणात दोन गटांत लक्षणीय फरक पडला नाही. घरातील मारहाणीवरही परिणाम दिसून आला नाही. प्रेरक संवाद उपयुक्त आहे. तो चमत्कार नव्हे.

मिठाची गोष्ट

व्यसनाखेरीज इतर सवयींनाही ही पद्धत लागू पडते. किनाऱ्यावरील उच्च रक्तदाबाच्या रुग्णाला “सुकी मासळी बंद करा,” असे सांगणे सोपे आहे. परंतु पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात तेव्हा सुकी मासळी हाच अनेक घरांचा आधार असतो. असा सल्ला पाळला जाणार नाही हे देणारालाही माहीत असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाच्या आहारात दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सुमारे एक लहान चमचाभर मीठ असावे. येथे रुग्णालाच विचारावे, “तुमच्या घरात मीठ कुठून कुठून येतं?” बोंबील व जवळा पुष्कळदा केवळ उन्हात वाळविलेला असतो, खारा बांगडा मात्र मिठात मुरविलेला असतो, हा फरक कोळी स्त्रीला कोणत्याही आहारतज्ज्ञापेक्षा अधिक कळतो. खारी मासळी आठवड्यातून किती वेळा, ती भिजवून पाणी टाकावे काय, लोणचे व पापड यांपैकी काय कमी करता येईल, याचा निर्णय तिने केला तर तो टिकण्याचा संभव अधिक असतो. औषधाच्या गोळ्या नियमित घेण्याबाबतही हेच म्हणता येईल.

कोठे थांबावे?

या पद्धतीच्या मर्यादा ओळखणे हे तिच्या वापराइतकेच आवश्यक आहे. दीर्घकाळ रोज भरपूर दारू पिणाऱ्या माणसाने ती एकाएकी बंद केल्यास हातपाय कापणे, घाम फुटणे, भास होणे, झटके येणे अशी लक्षणे उद्भवू शकतात आणि जिवालाही धोका संभवतो. अशा रुग्णाला घरी समजावीत न बसता रुग्णालयात पाठविले पाहिजे. तोंडातील पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड पुरते न उघडणे ही लक्षणे दिसल्यास संवाद नंतर, तपासणी आधी. तंबाखू सोडू इच्छिणारांसाठी 1800-11-2356 ही राष्ट्रीय दूरध्वनी सेवा आणि मानसिक आरोग्यविषयक साहाय्यासाठी 14416 ही ‘टेलि-मानस’ सेवा उपलब्ध आहे.

त्याचप्रमाणे संवाद हा कायद्याला पर्याय नव्हे. शिक्षणसंस्थांपासून 100 यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थांच्या विक्रीस 2003 च्या कायद्याने बंदी आहे. शाळेच्या फाटकाशी पुड्या टांगलेल्या असताना वर्गात तंबाखूविरोधी धडा शिकविणे हे एका हाताने बांधून दुसऱ्या हाताने मोडण्यासारखे आहे. दुकान हटविणे हे पंचायतीचे व प्रशासनाचे काम आहे. मन वळणे हे माणसाचे स्वतःचे काम आहे. पहिले झाल्याशिवाय दुसरे फार कठीण होते.

गावपातळीवरील कर्तव्य

ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीत या विषयाला स्थान देता येईल. आशा स्वयंसेविका 30 वर्षांवरील व्यक्तींची असंसर्गजन्य रोगांविषयीची प्रश्नावली भरतात, तीत तंबाखू व मद्य यांविषयीचे प्रश्न असतात. आज त्या प्रश्नांची उत्तरे रकान्यात खूण होऊन थांबतात. त्याच वेळी “याविषयी तुम्हाला स्वतःला काय वाटतं?” हा एक मोकळा प्रश्न जोडला, तर कागद भरण्याच्या कामातून संवादाची सुरुवात होऊ शकेल. त्यासाठी आशा स्वयंसेविकेला वेळ मिळाला पाहिजे. भरलेल्या अर्जांच्या संख्येवरून तिचे काम जोखले जात असेल, तर ऐकण्यास तिला उसंत राहणार नाही. हा विचार वरिष्ठ अधिकाऱ्यांनी करावयाचा आहे.

शिक्षकांपुढचा प्रश्न नाजूक आहे. पुडी सापडलेल्या विद्यार्थ्याला सर्वांसमोर उभे केल्याने पुडी सुटत नाही; ती अधिक खोल लपविली जाते. मुलाला बाजूला घेऊन, ही सवय केव्हा लागली, कोणाबरोबर लागली, तिचे त्याला काय वाटते, हे शांतपणे विचारणारा शिक्षक कदाचित एका भेटीत यशस्वी होणार नाही. परंतु दुसऱ्या भेटीचे दार त्याने उघडे ठेवलेले असते. पंचायत सदस्यांच्या बाबतीत एक जुनी म्हण पुरेशी आहे : आधी केले, मग सांगितले. सभेत तंबाखू मळत व्यसनमुक्तीचा ठराव मांडला गेला, तर गाव ठराव विसरते आणि तळहात लक्षात ठेवते.

प्रेरक संवादाला मोठी इमारत लागत नाही, यंत्रे लागत नाहीत. त्याला लागते ती ऐकण्याची तयारी, आणि समोरचा माणूस अडाणी नसून अडचणीत आहे, हा विश्वास. मशेरीची डबी त्या माणसाच्या हातात आहे आणि ती खाली ठेवण्याचे सामर्थ्यही त्याच हातात आहे. आरोग्य कर्मचारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांनी ती हिसकावून घेण्याचा प्रयत्न करण्यापेक्षा जवळ बसून विचारपूस केली, तर येणाऱ्या पिढीतील कित्येक बालके पुरेशा वजनाची जन्मतील आणि कित्येक घरांतील कर्ती माणसे कर्करोगापासून वाचतील.